लाल शाईतले नाव

"पाय थांबव," रुइफन स्वयंपाकघरातून ओरडली. "टेबल हलतंय, टेबलावरचा चहा हलतोय, आता माझं डोकंही हलायला लागलंय. पाय हलवणाऱ्या पुरुषाच्या घरातली बरकत गळून जाते, असं सासूबाई म्हणायच्या."

"आता गळायला राहिलंय काय?" लिनशंग म्हणाला. पण त्याने पाय थांबवला. पाय थांबला तशी बोटे टेबलावर वाजू लागली.

खरे तर यात त्याचा दोष नव्हता. यांगत्से नदीवरच्या फेरीबोटीच्या इंजिनाशेजारी त्याने चौतीस वर्षे काढली होती. पायाखालची जमीन थरथरत नसली की त्याला चुकल्याचुकल्यासारखे होई. निवृत्त होऊन तीन वर्षे झाली होती. आनछिंग शहरातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात जमीन काही थरथरत नव्हती, तेव्हा ते काम बहुधा त्याच्या पायांनी अंगावर घेतले असावे.

टेबलावर कित्ता उघडा होता. डोळे कागदापासून एक फूट, छाती टेबलापासून एक मूठ, बोटे निबेपासून एक इंच. पहिलीतल्या पोरांना घोकायला लावतात तो हा नियम, लिनशंग त्रेसष्टाव्या वर्षी मनात घोकत होता आणि 'दादा' या अर्थाचे एकच चिनी अक्षर पुन्हा पुन्हा लिहीत होता.

हे अक्षर मोठे अवघड. एकच आकृती दोनदा, एकीच्या डोक्यावर दुसरी. वरची लहान, तिची उभी रेघ सरळ खाली येऊन मुकाट्याने थांबते. खालची ऐसपैस, आणि तिच्या उभ्या रेघेला शेवटी डावीकडे आकडी. वरचीचा सगळा भार खालचीने घ्यायचा. लिनशंगकडून वरची नेहमी मोठी होई, तिलाही आकडी लागे, आणि खालची बिचारी धक्क्यावरच्या हमालासारखी वाकून जाई.

"दोघांना आकडी दिलीत तर दोघं एकमेकांत अडकतात," असे फेइ बाई वर्गात म्हणाल्या होत्या. म्हाताऱ्यांच्या शाळेत त्या पेनाने लिहायचे अक्षर शिकवीत. उभी हयात त्यांनी न्यायालयात निकालपत्रे हाताने उतरवून काढली होती. त्यांचे अक्षर बघून गुन्हेगारालासुद्धा शिक्षा वाचावीशी वाटत असेल, असे वर्गातला थान खाटीक म्हणे. थानचे स्वतःचे अक्षर हाडासकट तोडल्यासारखे होते, आणि त्याला त्याची खंत नव्हती. "मी वेळ घालवायला येतो," तो म्हणे. "तू का येतोस रे, बोटवाल्या? प्रेमपत्र लिहायचंय का कुणाला?"

लिनशंग नुसता हसे. लिहायचे होते पत्रच, पण ते दादाला.

*

सात वर्षांपूर्वी आई गेली. थडग्याचा दगड घडवणाऱ्याला मजकूर कागदावर लिहून द्यावा लागतो. तो कागद दगडावर ठेवून, जशाच्या तशा रेघा कोरायच्या. मध्ये आईचे नाव, खाली डाव्या कोपऱ्यात दोन्ही मुलांची नावे. आईचे काळ्या रंगात, मुलांची लाल, कारण दगडावर जिवंत माणसाचे नाव लाल असते. पुढे तो माणूस गेला की लालावर काळा रंग चढवतात.

दादा, म्हणजे हाइशंग, गावच्या शाळेत मास्तर. लग्नाच्या पत्रिका असोत की दारावरच्या नववर्षाच्या ओळी, नदीपलीकडच्या ल्यूवान गावात सगळे त्याच्याकडून लिहून घेत. वडील लवकर गेले, तेव्हा धाकट्याच्या हातावर हात ठेवून पहिले अक्षर त्यानेच गिरवून घेतले होते, आणि त्याच हातावर पट्टीही त्यानेच मारली होती. दगडाचा मजकूर दादाच लिहिणार असे सगळेच धरून चालले होते.

पण आई शेवटच्या हिवाळ्यात एकदा लिनशंगला म्हणाली होती, "मोठा गावभर लिहितो. माझ्यासाठी धाकट्यानं चार अक्षरं लिहिली तर बरं वाटेल मला." खोलीत तेव्हा दुसरे कुणी नव्हते. म्हणून त्याने कुणाला न सांगता दोन दिवस खपून तो कागद लिहिला आणि दहा नातेवाइकांसमोर दगडवाल्याच्या हातात ठेवला.

दादाने तो दगडवाल्याच्या हातातून घेतला. लांब धरून बघितला.

"आईच्या छातीवर खेकडे सोडायचेत का रे, धाकट्या?"

सगळे हसले. दगडवालासुद्धा हसला. दादाने कागद उलटा केला आणि त्याच्याच पाठीवर तिथल्या तिथे, उभ्या उभ्या, सुरेख अक्षरात मजकूर लिहून दिला.

लिनशंग टेकडी उतरून थेट फेरीवर गेला. तेव्हापासून सात छिंगमिंग झाले. पितरांच्या त्या सणाला थडगे झाडायला तो जाई, पण दादाच्या तीन-चार दिवस आधी, भल्या सकाळी. कागदी नोटा जाळायच्या, तीनदा डोके टेकायचे, दगडाकडे फारसे न बघता उतरायचे. दादा मागाहून येतो हे त्याला ठाऊक होते, कारण पुढच्या वर्षी झाडताना आपल्या राखेखेरीज दुसऱ्या कुणाच्या उदबत्तीची जुनी काठी, फुटका पेला त्याला सापडे.

गेल्या वर्षी मात्र पेल्याशेजारी औषधाचे रिकामे पाकीट सापडले. कसले ते कळले नाही. त्याने ते खिशात घातले, घरी आणले, आणि त्या दिवसापासून त्याला घरात बसवेना. दादा एकाहत्तर वर्षांचा होता.

"फोन कर की," रुइफन शंभरदा म्हणाली असेल.

"फोनवर काय बोलू?"

"तू बोलू नकोस. 'दादा' म्हण आणि रड. पुढचं वहिनी बघतील."

पण खेकडे त्याच्या अक्षरावरून निघाले होते, ते अक्षरानेच परत जायला हवेत, असे काहीसे त्याच्या मनाने घेतले होते. बरोबर होते की नाही, कोण जाणे. त्याने म्हाताऱ्यांच्या शाळेत नाव घातले.

*

तीन महिन्यांनी फेइ बाईंनी चौकटीचे कागद बंद केले. "कुबड्या टाका आता. साध्या पत्राच्या कागदावर लिहा."

लिनशंगने त्या आठवड्यात गृहपाठ म्हणून एकच ओळ पाचदा लिहून आणली होती: 'हाइशंग दादा'. पत्राचा मायना तेवढा. खालचा मजकूर त्याने घरी दुसऱ्या कागदांवर तयार केला होता, पण तो वर्गात दाखवायला जीव धजत नव्हता.

फेइ बाईंनी लाल पेन उघडले. चांगल्या अक्षराभोवती त्या लाल वर्तुळ काढीत, वाईटावर फुली मारीत, आणि शेजारी स्वतः मोठे करून लिहून दाखवीत. आज मात्र पेन कागदावर टेकता टेकता थांबले.

"हे कुणाचं नाव तर नाही ना? 'समुद्रात जन्मलेला'. नाव वाटतंय. नाव असेल तर मी पेन्सिलनं करते."

लाल शाईत कुणाचे नाव लिहायचे नसते. दगडावर चालते, कागदावर नाही. लाल शाईतले पत्र म्हणजे नाते तोडल्याचे पत्र. आणि नावावर लाल फुली तर त्यांच्या पिढीने लहानपणी भिंतींवर चिकटवलेली पाहिली होती, गोळी घालायच्या माणसांच्या याद्यांवर.

लिनशंग 'हो' म्हणणार होता. तेवढ्यात थान खाटीक मान लांब करून म्हणाला, "अरे वा! कुणाचं रे नाव?" आणि सगळा वर्ग मागे वळला.

"नाव नाही," लिनशंग घाईने म्हणाला. "कित्त्यातलंच आहे."

"मग ठीक," बाई म्हणाल्या. त्यांनी पाचांपैकी दोन ओळींवर फुल्या मारल्या, एका 'शंग'ला वर्तुळ दिले आणि खाली, जवळजवळ अर्ध्या पानावर, स्वच्छ आणि ठसठशीत लिहिले: 'हाइशंग दादा'. लाल शाईत.

लिनशंगने कागदाच्या तीन घड्या घालून तो कित्त्यात खुपसला.

पुढच्या सोमवारी त्याने पत्र पक्के केले. सातव्यांदा लिहिले तेव्हा कुठे 'दादा' उभा राहिला. 'सात वर्षे झाली. यंदा छिंगमिंगला आईकडे बरोबर जाऊ. मी सकाळच्या पहिल्या फेरीने येईन. तब्येत कशी आहे? अक्षर वाचता यावे म्हणून जमेल तेवढे नीट लिहिले आहे. धाकटा, लिनशंग.' पत्राची घडी घालून त्याने ते कित्त्यात ठेवले, कारण शाई ओली होती. मग तो घरात फेऱ्या मारू लागला. मग खिडकीत गेला. पोस्ट पाच वाजता बंद होते आणि चार वाजून गेले होते.

"जा बाबा जा," रुइफन म्हणाली. "फरशी झिजेल."

त्याने कित्त्यातून घडी ओढली, पाकिटात सारली, चिकटवली आणि जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरला.

गुरुवारी सकाळी रुइफन टेबल पुसताना कित्ता झटकत होती, तेव्हा त्यातून घडी घातलेला कागद पडला. तिने उलगडला.

"म्हाताऱ्या," ती म्हणाली, "पत्र किती छान लिहिलंयस रे. पण मग तू टाकलंस काय?"

*

पहिल्यांदा त्याला काही कळलेच नाही. मग कळले आणि तो मटकन खुर्चीत बसला, आणि बसताक्षणी उठला.

"सोमवारी टाकलं. मंगळवारी नदी ओलांडली असेल. कालच पोचलं असणार."

"फोन लाव. मी लावते."

"काय सांगणार? दादाच्या नावावर फुली मारलीय ती माझी नाही, बाईंची आहे म्हणून? पाकिटावर नाव माझं आहे!"

"मग हे घेऊन जा." तिने कागद त्याच्या जाकिटाच्या आतल्या खिशात घालून वरून बटण लावले, लहान मुलाला लावावे तसे. "आणि काही खाऊन जा."

तो न खाताच गेला. पुलावरून बस लवकर पोचते, पण त्याचे पाय सवयीने धक्क्याकडे वळले. फेरी निघायला वीस मिनिटे होती. त्या वीस मिनिटांत तो धक्क्यावर इकडून तिकडे इतक्यांदा चालला की तिकीटवाली म्हणाली, "काका, चालत चालत पलीकडे जाणार आहात का?" बोटीत बसल्यावर इंजिनाच्या आवाजावरून त्याला कळले की एक झडप नीट बसत नाही. एरवी तो खाली जाऊन सांगून आला असता. आज ती झडप त्याच्या छातीतच वाजत होती.

पोस्टमन अजून पोचला नसेल. पाकीट दारातच पडले असेल. वहिनींनी उघडले असेल आणि दादाला दाखवले नसेल. नदी ओलांडेपर्यंत त्याने अशा आठ-दहा शक्यता तयार केल्या, आणि त्यांतली एकही त्याला स्वतःला पटली नाही.

दादाच्या दारात वहिनी कोंबडीच्या रश्श्यात भाजलेले तांदूळ घालून खात बसल्या होत्या. त्याला बघून त्यांचा चमचा वाटीतच राहिला. सात वर्षांत त्या बऱ्याच म्हाताऱ्या झाल्या होत्या.

"आता आलास?" त्या म्हणाल्या. "तसलं पत्र टाकून आता तोंड दाखवायला आलास?"

"वहिनी, ते पत्र तसलं नव्हतं. दादा कुठंय?"

"काल दुपारी आलं ते. उघडलं आणि बघत बसला. रात्री जेवला नाही. आज सकाळी उठला आणि रंगाचं सामान घेऊन टेकडीवर गेला. मी म्हटलं, छिंगमिंगला दहा दिवस आहेत, आत्ता कशाला? तर म्हणाला, काम आहे."

"रंग? कुठला रंग?"

वहिनींनी मागे वळून कोनाड्यात बघितले. "काळ्याचा डबा तर जागेवर नाही बाई."

काळा. लालावर चढवायचा काळा. लिनशंगने पुढचे ऐकलेच नाही.

टेकडी फार उंच नव्हती. पण त्या दिवशी ती संपेना. मोहरीची शेते दोन्ही बाजूंनी पिवळीधमक फुलली होती आणि मधमाश्यांचा नुसता गुंगाट चालला होता, त्याचाही त्याला राग आला. आपले नाव काळे झाले तर काय करायचे? खरवडायचे? आईच्या दगडावरचे? आणि दादाने तसे केले तर त्याला बोलायला आपल्याला तोंड कुठे आहे? त्याच्या नावावर फुली मारून आधी कुणी पाठवली? चढता चढता त्याला धाप लागली, तरी तो थांबला नाही, कारण थांबला असता तर परत फिरला असता.

*

दादा दगडासमोर छोट्या बाकड्यावर पाठमोरा बसला होता. शेजारी दोन डबे. एक काळा, आणि एक लाल.

लिनशंग पाच पावलांवर उभा राहिला. आईचे नाव ताज्या काळ्या रंगात ओले चकाकत होते. खाली डाव्या कोपऱ्यात दोन नावे. एक गेल्या वर्षीच्या पावसाने विटलेले, गुलाबीसर. दुसरे ताजे लाल. रंग रेघांच्या बाहेर ओघळला होता, ठिपके उडाले होते, जणू नावाला गोवर उठला होता. ते नाव लिनशंगचे होते.

दादाच्या हातात ब्रश होता आणि तो हात थडथड उडत होता. गेल्या वर्षी सापडलेले पाकीट कसल्या औषधाचे होते ते लिनशंगला आता कळले.

"आलास," दादा मागे न बघता म्हणाला. "बुटांच्या आवाजावरून कळलं. लहानपणापासून पाय घासत चालतोस."

"दादा, तू हे… माझं नाव…"

"मग काय काळं करू? तू मला मारलंस म्हणून मी तुला मारू?" त्याने ब्रश डब्याच्या काठावर पुसला. "दर वर्षी करतो. आधी तुझं, मग माझं. तुला काय वाटलं, सात वर्षं रंग आपोआप टिकतो? यंदा म्हटलं लवकर जावं. माझ्याशी नातं नको असेल तुला. आईशी तर आहे ना? तिच्या दगडावर तुझं नाव विटलेलं नको."

लिनशंगने जाकिटाचे बटण काढायला घेतले. ते निघेना. निघाले. कागद पुढे केला.

दादाने तो लांब धरून बघितला, सात वर्षांपूर्वी धरला होता तसाच. कागद त्याच्या हातात फडफडत होता. लिनशंगने तो दोन्ही कडांनी धरला, तेव्हा कुठे त्याला वाचता आले.

"आणि ते दुसरं?"

"गृहपाठ. बाईंनी तपासलेला. चुकून गेला. त्यांनी विचारलं होतं, नाव आहे का म्हणून. सगळे बघत होते, मी नाही म्हणालो."

दादाने कागद गुडघ्यावर पसरला.

"चाळीस वर्षं लाल पेन चालवलं मी," तो म्हणाला. "तपासलेलं पान मला कळत नाही होय? काल बघताक्षणी वाटलंच होतं, हे कुणा मास्तराचं काम. पण स्वतःचं नाव बघितलं की शहाणपण राहत नाही रे." मग कागदावर बोट ठेवून, "आकडी नाही दिलीस वरचीला. चांगलं झालंय. 'तब्येत'मधला शेवटचा फराटा मात्र घाबरलाय."

"आई म्हणाली होती," लिनशंगच्या तोंडून एकदम निघून गेले. "दगडासाठी मी लिहावं म्हणून. मला एकट्याला म्हणाली होती."

दादाचा ब्रश हवेतच राहिला. त्याचे टोक आणखी हलू लागले, आणि लाल थेंब गवतावर पडला.

"मग बोलला का नाहीस तेव्हा?"

"तू लिहायला लागला होतास."

खाली नदीवर फेरीने भोंगा दिला. दादा दगडाकडे बघत राहिला, स्वतःच्या त्या सुरेख अक्षरांकडे. सात वर्षांत लिनशंगने ती कधी नीट बघितली नव्हती. चांगलीच होती. वाईट म्हणता येण्यासारखी नव्हती.

"तो कागद आहे माझ्याकडे," दादा शेवटी म्हणाला. "तुझे खेकडे एका बाजूला, माझं लिखाण दुसऱ्या बाजूला. दगडवाल्याकडून परत घेतला होता. का घेतला, ठाऊक नाही." त्याने ब्रश लिनशंगपुढे धरला. "माझं नाव राहिलंय. मला जमत नाही आता. तुझं कसं झालंय बघतोयस ना."

"मी? लाल?"

"कागदावर पाठवलंसच की. इथं चालतं."

लिनशंग उकिडवा बसला. डोळे एक फूट, हे त्याला आठवले, पण छाती कशापासून एक मूठ ठेवायची ते कळेना. त्याने श्वास रोखला. कोरलेल्या रेघेत ब्रश टेकवला, तशी रेघच त्याला पुढे नेऊ लागली. लहानपणी हातावर हात ठेवल्यावर नेई तशी. दादाच्या नावातल्या 'समुद्र' या अक्षराचे तीन थेंब झाले. पुढची आडवी रेघ झाली. मग त्याचा गुडघा थरथरायला लागला.

"पाय," दादा म्हणाला, आणि त्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हातही थरथरत होता.

ब्रश रेघेबाहेर गेला.

"गेला बाहेर. पुसू?"

"राहू दे," दादा म्हणाला. "माझ्याकडूनही गेलाय. पुढच्या वर्षी नीट कर."